खरकट्याचा मान

दुपारी दीड वाजता, नाताळच्या प्रीतिभोजनाची पहिली पंगत उठायच्या बेतात असताना, तबीथाबाई साळवे यांनी निवृत्त तहसीलदार शलमोनराव उजागरे यांच्या हातातून एक पत्रावळ हिसकावली. पत्रावळ फाटली. द्रोणातला रस्सा तहसीलदारांच्या राखाडी कोटावर सांडला.

"सोडा म्हणते ना!" तबीथाबाई म्हणाल्या. खरं तर सोडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"बाई, मी सेवा करतोय," तहसीलदार म्हणाले.

"माझ्याच पानावर?"

त्या पानाचा दुसरा तुकडा हायस्कूलचे हेडमास्तर एलिशा जगधने यांच्या हातात होता. ते तहसीलदारांकडे झुकून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे पान माझ्या बाजूचं होतं, शलमोनराव."

तबीथाबाई उठल्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या. त्यांनी एकदा माझ्या यजमानांकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "मी चालले. नव्या वर्षापासून ओढ्यापलीकडच्या मंडळीत जाणार. तिथं माणसं थोडी हायेत, पण ज्याचं काम त्याला करू देतात."

आणि त्या मांडवाबाहेर गेल्या.

ही गोष्ट १९९२ सालची. गाव सोनटेकडी, जिल्हा नगर. माझे यजमान, रेव्हरंड रत्नाकर देठे, जूनमध्ये तिथे पाळक म्हणून रुजू झाले होते. म्हणजे आम्हाला सहा महिने झाले होते, आणि एवढ्यात मंडळीतलं कोणी ओढ्यापलीकडे गेलं नव्हतं. ओढ्यापलीकडची मंडळी ही आमच्यातूनच फुटलेली. पेटी कोणी वाजवायची यावरून भांडण झालं होतं म्हणे. तेव्हापासून आमच्याकडचं एखादं माणूस रुसलं की तिकडे चहा ठेवायचे. पण तबीथाबाई गेल्या असत्या तर ते नुसतं रुसणं ठरलं नसतं. मिशनच्या काळापासून सोनटेकडीच्या प्रत्येक लग्नाला, बाप्तिस्म्याला, कापणीच्या सणाला, नाताळला जी पानं उचलली गेली, ती त्यांच्या हातानं. त्या नसलेलं प्रीतिभोजन गावात कोणी पाहिलं नव्हतं.

पंगतीत वाढण्याचे दर्जे असतात हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. मी पुण्यात वाढले, तिथे जो मोकळा असेल तो वाढायचा. सोनटेकडीत तसं नव्हतं. सर्वांत वर मटणाची बादली. ज्याच्या हातात बादली त्याच्या हातात फोडी, आणि ज्याच्या हातात फोडी त्याच्याशी वर्षभर लोक नीट बोलायचे. बादली अर्थातच शलमोनरावांकडे असे. ते बादलीत वगराळं असं फिरवायचे की समोरच्याचं नशीब तळाला आहे की वर तरंगतंय हे शेवटपर्यंत कळत नसे. मग भात, मग बुंदी. बुंदी जगधने सरांकडे, कारण वाढणारी पोरं त्यांच्याच शाळेतली. मग चपात्या, मग पाणी, मग मीठ आणि कांदा-लिंबू. सगळ्यांत शेवटी खरकटं. ते तबीथाबाईंकडे.

खरकटं त्या कशा काढत हे मी कापणीच्या सणाला पाहिलं होतं. डाव्या कमरेवर बांबूची टोपली, उजव्या हातानं पान दुमडायचं, आतल्या बाजूला, एक शीत सांडू न देता. आणि तोंड चालू.

"डॉक्टरसाहेब, एवढा भात कुणासाठी ठेवला? पाहुणे यायचेत का?"

डॉक्टर निमूट भात संपवायचे. इन्स्पेक्टर असो, शिक्षक असो, मुंबईहून आलेला जावई असो, तबीथाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या की पान आपोआप स्वच्छ व्हायचं. मग सगळ्यांचं झालं की त्या भाताच्या डेगीपाशी बसून तळाची खरवड खायच्या. एकट्या. त्यात कोणाला काही खटकत नव्हतं. त्यांना तर मुळीच नाही.

खटकलं माझ्या यजमानांना.

नाताळच्या आधीच्या रविवारी त्यांनी सेवेवर प्रवचन दिलं. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग. प्रवचन चांगलं झालं, हे मी बायको म्हणून सांगत नाही. मी त्यांची वाईट प्रवचनंही ऐकली आहेत. शेवटी ते म्हणाले, "या नाताळला पंच कमिटी पानं उचलेल. आपल्यातला जो मोठा, तो खरकटं काढेल."

उपासना संपून चपला घालेपर्यंत मटणाच्या बादलीला कोणी वाली उरला नव्हता.

संध्याकाळी आमच्याच ओट्यावर कमिटी बसली. मी चहा देत होते.

"पाळकसाहेब, खरकट्याची पहिली रांग माझ्याकडे असू द्या," शलमोनराव म्हणाले. "अध्यक्ष म्हणून."

"पहिल्या रांगेत पाहुणे बसतात," जगधने सर म्हणाले. "त्यांची पानं उचलण्यात कसली आलीय नम्रता? मी कडेची रांग घेतो. मजूर माणसांची."

"ती मी सोमवारीच मनाशी ठरवली होती."

"प्रवचन रविवारी झालं, शलमोनराव. आज रविवारच आहे."

"मग गेल्या सोमवारी."

यजमानांनी दोघांना दोन टोकं दिली. एकानं पूर्वेकडून यायचं, दुसऱ्यानं पश्चिमेकडून. कमिटी घरी गेल्यावर मी विचारलं, "तबीथाबाईंना कोणी सांगितलं का?"

"सरप्राइज आहे," ते म्हणाले. चेहरा असा फुललेला की मला पुढे बोलवेना. "यंदा त्या पहिल्या पंगतीला बसतील. मधोमध. मी स्वतः त्यांच्या हातावर पाणी घालणार."

"त्यांनी मागितलंय का?"

"मान कोणी मागतं का?"

ओट्यावरचे कप उचलताना मला वाटलं, आत्ताच तर दोघांनी मागितला. पण संसारात प्रत्येक वाक्य बोलायचं नसतं.

नाताळच्या दिवशी तबीथाबाई नेहमीसारख्या टोपली घेऊन आल्या. यजमानांनी टोपली त्यांच्या कमरेवरून उतरवून घेतली, हाताला धरून त्यांना मधल्या जागेवर बसवलं आणि हातावर पाणी घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तबीथाबाई पोलीस चौकीत बोलावून बसवल्यासारख्या बसल्या. समोर भात आला, रस्सा आला. रस्सा यजमानच वाढत होते, कारण बादली धरायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी सगळ्या फोडी पहिल्या दहाबारा पानांवरच संपवल्या. पुढच्यांना रस्सा आणि आशीर्वाद. तबीथाबाईंच्या पानावर मात्र चांगल्या पाच फोडी पडल्या.

त्यांनी घास उचलला नाही. त्यांचे डोळे रांगेच्या टोकाला होते.

तिथे शलमोनराव कोट-टायमध्ये, खिशात रुमाल खोचून, पहिलं पान उचलत होते. पाहुणा अजून बुंदीची वाट पाहत होता. "बसा, बसा, आपलं झालं," असं म्हणत त्यांनी त्याचं पान नेलं. पलीकडच्या टोकाला जगधने सरांनी हे पाहिलं आणि वेग वाढवला. त्यांनी एका म्हातारबुवांच्या तोंडातला घास तेवढा सोडला. दोघं रांगेच्या समोरून, लोकांच्या पानांमधून उड्या घेतल्यासारखे येत होते. तबीथाबाई आयुष्यभर मागून यायच्या. पान लवंडत होतं, शितं सांडत होती, मांडवाच्या कडेची कुत्री जवळ सरकत होती. तबीथाबाईंचे ओठ हलत होते, पण पंगतीला बसलेल्या माणसानं खरकट्याबद्दल बोलायचं कसं?

दोघं मधोमध पोहोचले तेव्हा एकच पान राहिलं होतं. भरलेलं. दोघांनीही ते धरलं.

पुढचं सांगून झालं आहे.

तबीथाबाई बाहेर गेल्या त्या फार लांब गेल्या नाहीत. चर्चच्या मागे, बोर्डिंगच्या जुन्या इमारतीत त्यांची खोली होती. तिच्या पायरीवर बसून त्यांनी बोचकं बांधायला घेतलं. पण बसल्या अशा की मांडव नीट दिसावा.

इकडे दुसरी पंगत खोळंबली. दुसरी पंगत बायकांची. भुकेल्या बायका आणि कडेवर भुकेली पोरं. जमीन खरकट्यानं बरबटलेली, तिच्यावर चटया घालता येईनात. पंच कमिटी खराटा शोधत होती. खराटा कुठे असतो ते एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस बोचकं बांधत होतं.

"चूक माझी आहे, मीच जातो," यजमान म्हणाले. मी मागोमाग गेले. दोन माणसांचं भांडण असलं की तिसरं बाईमाणूस लागतं, असं माझी आई म्हणायची.

"तबीथाबाई, तुम्हाला विश्रांती मिळावी एवढंच मनात होतं."

"मी मागितली होती?"

"नाही. पण सेवा सगळ्यांनी करायची असते ना..."

"करा की. बोर्डिंगाचा संडास हाये मागं. तो कुणी मागितला न्हाई."

यजमान तडक मांडवात परतले. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि ते हातानंच शितं गोळा करू लागले. तबीथाबाईंनी पायरीवरून ते पाहिलं. "कोपऱ्यातून सुरू करा म्हणावं त्यांला," त्या मला म्हणाल्या. "मधून काढलं तर पायानं पसरतंय." पण उठल्या नाहीत.

मग जगधने सर आले.

"तबीथाबाई, कमिटीच्या वतीनं बोलतोय. सव्वीस जानेवारीला आपण तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, दोन शब्द."

"म्हंजे पुन्हा बसवणार."

"स्टेजवर! खुर्चीत!"

"मास्तर, आज जमिनीवर बसवलं तर एवढा घोळ झाला. खुर्चीत बसवलं तर गाव उठंल."

"पण ओढ्यापलीकडे नका जाऊ. ते लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, या."

सर गेले. जाताना बोचक्याची गाठ किती घट्ट आहे ते त्यांनी वाकून पाहिलं. मीही पाहिली होती. सैल होती, पण तबीथाबाईंच्या मनाची गाठ वेगळी होती. मला एवढं कळत होतं की सूर्य उतरायच्या आत कोणी तरी योग्य माणूस आलं नाही, तर ही बाई खरंच जाईल. हट्ट म्हणून नाही, इथे काही काम उरलं नाही म्हणून.

शलमोनराव मांडवाच्या खांबाला टेकून, कोटावरचा डाग रुमालानं पसरवत उभे होते.

"साहेब, तुम्ही जा," मी म्हटलं.

"पाळकीणबाई, माझ्या अंगावर रस्सा पडलाय. माफी कोणी मागायची?"

"मला नाही माहीत. पण बायका उपाशी आहेत."

"मी वीस-वीस हजारांचे मोर्चे परत पाठवलेत."

"हा एका माणसाचाच आहे. आणि तो जागेवरच बसलाय."

ते आले. पायरीपासून दोन हातांवर उभे राहिले, ऑफिसात समोरच्याला उभं करतात तेवढ्या अंतरावर. घसा साफ केला. "झाल्या प्रकाराबद्दल..."

"कोट काढ, शलू," तबीथाबाई म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. तहसीलदारांना शलू म्हणणारं माणूस हयात आहे याची गावात कोणाला कल्पना नव्हती. नंतर कळलं, शलमोनराव लहानपणी याच बोर्डिंगात होते आणि तबीथाबाई तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात. त्यांनी कोट काढला. तबीथाबाईंनी दाराशेजारच्या चुलीतली राख घेतली, डागावर चोळली, पाणी मारलं.

"तुझं काम काढून घ्यावं असं माझ्या मनात नव्हतं," शलमोनराव म्हणाले. आवाज बदलला होता.

"मग काय होतं मनात?"

तहसीलदारांनी बराच विचार केला. "जगधन्याच्या आधी उचलायचं होतं."

तबीथाबाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. मग हसू आवरून राख चोळत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चर्चात पंखा हाये ना, वेदीवरचा. त्याच्यावर तुझ्या आईचं नाव हाये."

"हो. मीच दिला तो."

"घड्याळावर मास्तराच्या बापाचं. बाकांवर एकेकाची नावं. घंटेवर गोऱ्या साहेबाचं. मला वाचता येत न्हाई, पण कुठं कुणाचं हाये ते पोरांनी सांगितलंय. माझं कुठं हाये?"

शलमोनरावांनी चर्चच्या भिंतीकडे पाहिलं.

"खरकटं म्हटलं की लोक म्हणतात, तबीथाला बोलवा. तेवढंच. ते बी तुम्हाला पाहिजे झालं, आणि वर मला टाळ्या."

चुलीजवळ कोंबडी फिरत होती. मांडवातून पोरांची रडारड ऐकू येत होती. शलमोनरावांनी हात मागे बांधले, मग सोडले. "पण मी काय करू, तबाक्का? पाळकांनी तर सेवा करा म्हणून सांगितलंय." तक्रार अगदी मनापासूनची होती. शाळेतून घरी आलेलं पोर गृहपाठाबद्दल करतं तशी.

"हाताखाली राहशील?"

"कोणाच्या?"

"माझ्या."

याला त्यांनी मघापेक्षा जास्त वेळ घेतला. ज्याच्या हाताखाली अख्खा तालुका होता त्या माणसाला हा शब्द उलटा करून पाहायला वेळ लागणारच. "राहीन," ते म्हणाले.

"टोपली तू धरायची. पान मी उचलणार. माझ्या पुढं चालायचं न्हाई. आणि बोलायचं न्हाई, बोलणं माझ्याकडं."

"कोट?"

"वाळू दे. शर्टावर थंडी वाजली तर काम जोरात होतं."

खराटा भिंतीमागच्या कपारीत होता. दुसरी पंगत बसली तेव्हा तबीथाबाई मागून आल्या, आणि त्यांच्या मागून तहसीलदार, शर्टाच्या बाह्या सरसावून, कमरेवर बांबूची टोपली. बायकांनी आधी पदर तोंडाला लावले. मग पदर पुरेनासे झाले.

"टोपली वर धर. फायल न्हाई ती."

"बरं."

"बोलायचं न्हाई म्हटलं होतं."

मटणाची बादली यजमानांकडून काढून तबीथाबाईंनी एका पंचाला दिली. "पाळकसाहेब, तुम्ही मीठ वाढा," त्या म्हणाल्या. "मिठात चूक झाली तरी लोक मागून घेतात." जगधने सरांना त्यांनी नळाजवळ उभं केलं, हात धुणाऱ्यांना साबण द्यायला. ते तिथे इतक्या गांभीर्यानं उभे होते की काही बायकांनी दोनदा हात धुतले.

माझ्यापाशी आल्यावर त्या थांबल्या.

"पाळकीणबाई, भात कुणासाठी ठेवला?"

मी भात संपवला.

सगळं आटोपल्यावर तबीथाबाई नेहमीप्रमाणे डेगीपाशी बसल्या. शलमोनराव टोपली रिकामी करून आले आणि न विचारता शेजारी बसले. त्यांना खरवड हवी होती की नव्हती, सांगता येत नाही. तबीथाबाईंनी अर्धी तोडून त्यांच्या हातावर ठेवली. ओढ्यापलीकडचा विषय कोणी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. नव्या वर्षाच्या उपासनेला त्या नेहमीच्या जागी, दाराजवळ, खाली सतरंजीवर होत्या. बोचक्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

आम्ही सोनटेकडीत आणखी चार नाताळ काढले. चारही वेळा तबीथाबाई पुढे आणि टोपली घेऊन शलमोनराव मागे. बढती त्यांना मिळाली नाही. "शितं सांडतो," असं तबीथाबाईंचं मत होतं, आणि त्यांच्या वरचं अपील कोर्ट नव्हतं. आमची बदली झाल्यावर दोन वर्षांनी त्या वारल्या. त्यानंतरच्या नाताळला शलमोनरावांनी पहिलं पान स्वतः उचललं. एका हातानं टोपली, एका हातानं पान. कोणी नेमलं नव्हतं, कोणी अडवलं नाही. बोलायचंही त्यांनीच सुरू केलं. आजही पंगतीत ते समोर आले की पानावर भात उरत नाही, असं ऐकते.

माझे यजमान आता नाहीत. मी पुण्यात मुलीकडे असते. शलमोनराव नव्वदीला टेकलेत. गुडघे गेलेत, तरी टोपली सोडलेली नाही. त्यांचा फोन येतो, आणि गेल्या आठवड्यात आला तो नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. नवे पाळक तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी यंदापासून बुफे ठरवलाय. कागदाच्या प्लेटा, प्रत्येकानं आपलं आपण वाढून घ्यायचं, खाऊन झालं की आपली प्लेट आपण ड्रममध्ये टाकायची. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. खरकटं कोणी कोणाचं काढायचंच नाही.

"त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं हो ऐकायला," शलमोनराव म्हणाले. "मी कमिटीत उठून एकच विचारलं. म्हटलं, मग कोणी कोणाचं काय करायचं?"

"काय म्हणाले पाळक?"

"विचार करून सांगतो म्हणाले."

मंडळीची सभा येत्या रविवारी, उपासनेनंतर आहे. पाळकांचं उत्तर अजून आलेलं नाही.